दीड मीटरची वायर आणि पांढरी पाच

मित्राने पिशवीतून अँप्लिफायरला वीज नेणारी ती वायर काढली तेव्हा मला वाटलं, बंद पडलेली गाडी ओढायचा दोर आणलाय. अंगठ्याएवढी जाड, वरून जांभळं विणलेलं कापड, टोकांना सोनेरी पिना. लांबी दीड मीटर, किंमत २८,००० रुपये. "तुझ्या अँपला लाव," तो म्हणाला, "आणि तानपुरा कसा मोकळा होतो ते ऐक."

माझ्या अँप्लिफायरला तोवर जुन्या कॉम्प्युटरची काळी वायर होती. सीपीयूच्या मागे लागते तीच, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात दीडशे-दोनशे रुपयांना मिळणारी. आम्ही वायर बदलली, मालकंसाची तीच रेकॉर्ड पुन्हा लावली आणि खोटं कशाला बोलू, मलाही तानपुरा मोकळा झाल्यासारखा वाटला. त्या वाटण्याने पुढे मला दोन महिने कामाला लावलं.

पहिला प्रश्न साधा होता. भिंतीतल्या विजेतलं स्पीकरपर्यंत नेमकं काय पोचतं? सॉकेटमधली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. ट्रान्सफॉर्मर तिला ३० व्होल्टच्या आसपास उतरवतो, चार डायोड तिला एकाच दिशेला वळवतात आणि मग ती डब्यासारख्या जाड कपॅसिटरमध्ये साठते. ज्यांच्या नळाला दिवसातून तासभर पाणी येतं त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. अँप टाकीवर जगतो. सेकंदाला १०० वेळा, विजेच्या लाटेच्या शिखराशी, दोन-तीन मिलिसेकंद नळाला पाणी येतं आणि टाकी भरते. उरलेला सगळा वेळ गाणं साठ्यावर चालतं. म्हणजे तान ऐकताना आपण टाकीतलं पाणी पीत असतो, आणि मित्राने आणलेली वायर म्हणजे मीटरपासून टाकीपर्यंतच्या लांबलचक पाइपातला शेवटचा दीड मीटर.

तो दीड मीटर बदलून किती फरक पडतो, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या वायरीत, जाण्यायेण्याचे तीन मीटर धरून, रोध साधारण ०.०६ ओहम. चार चौरस मिलिमीटरची जाड वायर घेतली तर तो ०.०१५ ओहमवर येतो. टाकी भरताना क्षणभर तीन अँपिअर ओढले गेले असं धरलं, तर जाड वायरीने वाचवलेले व्होल्ट होतात ०.१३. आता भिंतीतल्या वायरिंगकडे बघा. बोर्डापासून सॉकेटपर्यंत वीस मीटर दीड चौरस मिलिमीटरची वायर असली, तर तिचा रोध जवळपास अर्धा ओहम. त्याच क्षणी तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतात. त्याच्यामागे मीटर, मीटरच्या मागे गल्लीतली डीपी. माझ्या मल्टिमीटरने संध्याकाळी सातला २१८ व्होल्ट दाखवले, मध्यरात्री २३८. हे वीस व्होल्ट अँप निमूट पचवत होता.

तरी त्या ०.१३ व्होल्टचा पाठलाग शेवटपर्यंत करू. ट्रान्सफॉर्मरमधून उतरताना त्याचे १७ मिलिव्होल्ट होतात. पुरवठ्यातले असे चढउतार दाबण्याची सोय अँपच्या सर्किटमध्येच असते. हजार पटीने दाबले असं धरू, बरेच अँप याहून जास्त दाबतात. स्पीकरच्या तारेवर उरतात १७ मायक्रोव्होल्ट. घरातल्या बेताच्या आवाजाला तिथे एक-दोन व्होल्ट असतात. १७ मायक्रोव्होल्टवर साधारण स्पीकर जो आवाज काढेल तो मानवी कानाच्या किमान पातळीच्याही खाली राहतो, अगदी कान स्पीकरला चिकटवला तरी.

जाहिरातींत चांदीच्या तारेचं आणि 'स्किन इफेक्ट'चंही कौतुक असतं. चांदी तांब्यापेक्षा सरस खरी, पण सहाएक टक्क्यांनी. आणि वीज तारेच्या पृष्ठभागावरून धावू लागते ती वरच्या वारंवारितांना. ५० हर्ट्झला, म्हणजे घरातल्या विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांना, ती तांब्यात नऊ मिलिमीटरहून खोल शिरते, म्हणजे दोन मिलिमीटरची तार तिला आरपार मोकळीच असते.

मग मला तानपुरा मोकळा का वाटला? कागदावरचा हिशेब कानाला पटत नसेल तर कानाचीच परीक्षा घ्यायची. २००४ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या हौशी श्रोत्यांवर अशी झाकून चाचणी झाली होती. एकीकडे हजारो डॉलरची वायर, दुसरीकडे यंत्रासोबत फुकट येते तसली. एकूण १४९ उत्तरांपैकी बरोबर आली ७३. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी एवढीच आली असती.

आम्ही तेच घरी केलं. अँपमागे चादर टाकली, नववीतल्या भाचीला नाणं दिलं. छापा पडला तर जांभळी वायर, काटा पडला तर काळी. सोळा फेऱ्या. सोळापैकी बारा किंवा जास्त उत्तरं नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारेक, म्हणून बारा मिळाले तर मान्य करायचं ठरलं. मित्राला नऊ मिळाले, मला सात. अकराव्या फेरीपासून भाची जांभया देत होती.

मित्राने आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. वायर बदलायला अँप बंद करावा लागतो, त्यात मिनिटभर जातं, आणि आवाजाच्या बारीक छटा काही सेकंदांपलीकडे आठवणीत टिकत नाहीत. खरं आहे. पण मग पहिल्या दिवशीच्या मोकळ्या तानपुऱ्यालाही हाच आक्षेप लागतो. तेव्हा तर आम्ही वायर बदलून चहाही घेतला होता. शिवाय कुठलीही रेकॉर्ड लागोपाठ दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्यांदा निसटलेलं काहीतरी सापडतंच, आणि आवाजाची कळ केसभर पुढे गेली असेल तर कान त्याला 'मोठं' न म्हणता 'स्वच्छ' म्हणतो.

या सगळ्यात कामाची गोष्ट टिपली ती भाचीनेच. "मामा, गाणं थांबलं की हे घूं काय वाजतं?"

वाजत होतं. दोन्ही वायरींना सारखंच. वर्षानुवर्षं मी ते तानपुऱ्यात मिसळून ऐकत आलो होतो. पेटी काढून सूर जुळवला तर पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, किंचित चढी. बरोबरच आहे, ५० हर्ट्झची घूं आणि तिच्या १००, २०० या दुपटी. पेटीवरची पांढरी पाच ९८ आणि १९६च्या आसपास. काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गाणाऱ्याला हा सूर तीव्र मध्यमाच्या जागी येतो. यमन असता तर खपून गेलं असतं. शुद्ध मध्यमाच्या मालकंसाखाली तीव्र मध्यमाची अखंड सोबत, म्हणजे शत्रुपक्षाने धरलेला तंबोरा!

मग एकेक करून सगळ्या वायरी उपटल्या. टर्नटेबल काढला, घूं तशीच. सीडी प्लेअर काढला, तशीच. टीव्हीच्या आवाजासाठी सेट-टॉप बॉक्स अँपला जोडला होता. त्याच्या मागची, खिडकीतून आत येणारी केबलवाल्याची गोल वायर सोडवली आणि खोली एकदम गप्प झाली. इतकी, की फ्रिज ऐकू यायला लागला.

कारण असं. माझा अँप थ्री-पिनच्या जाड पिनेतून इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला. केबलवाल्याची वायर गच्चीवरून येते, तिचं बाहेरचं वेष्टण कुठेतरी दुसरीकडेच जमिनीला टेकलेलं. दोन ठिकाणची 'जमीन' विजेच्या भाषेत एकाच पातळीवर नसते, थोड्या व्होल्टचा फरक असतो. मधे माझी ऑडिओ वायर दिसली की तो फरक तिच्या वेष्टणातून वाहू लागतो. वेष्टणाचा रोध ०.१ ओहम आणि प्रवाह दहा मिलिअँपिअर धरला तर एक मिलिव्होल्ट, आणि हा एक मिलिव्होल्ट गाण्याच्या सिग्नलमध्येच मिसळतो. अँपला तो गाण्याहून वेगळा काढता येत नाही. तो इमानेइतबारे तीस पट करतो आणि स्पीकरला ३० मिलिव्होल्टची घूं देतो. मघाच्या १७ मायक्रोव्होल्टच्या सतराशे पट! वीज गाण्यात शिरते ती बहुधा अशी मागच्या दाराने, आणि आपण पुढच्या दाराला सोन्याच्या कड्या लावत बसतो.

सेट-टॉप बॉक्स आणि अँपच्या मधे, दोन जमिनींमधला हा फेरा तोडणारा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांतून आवाज पलीकडे जातो पण तारेला तार जोडलेली राहत नाही. काही शे रुपयांत काम झालं. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि अँपला तो घेता येत असेल तर त्याहून छान, त्या वायरीतून वीज जातच नाही, नुसता उजेड जातो. घूं घालवायला थ्री-पिन टॉपची अर्थिंगची पिन मोडणारे महाभाग मी पाहिलेत. घूं जातेही. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर अँपच्या पत्र्यावर सरळ फेज येईल आणि हात लावणाऱ्याला ती जमीन मिळवून देईल. त्यापेक्षा सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलाय का ते वायरमनला विचारा. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, आणि ते सगळेच विसरतात.

वीज बिघडवणाऱ्या आणखीही गोष्टी घरात असतात. स्वस्तातले स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्या पाठवतात, मग पंख्यासारखाच अँपचा ट्रान्सफॉर्मरही गुरगुरतो. गोल फिरणारे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दर लाटेचा लचका तोडतात, त्याची झर्र रेडिओवर लगेच ऐकू येते. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि मोबाइलचे चार्जरही याच यादीत.

वायरीला अगदीच महत्त्व नाही असंही नाही. टर्नटेबलच्या सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात, आणि त्या नाजूक वायरीला समांतर अशी विजेची वायर फूटभर जरी टेकून गेली तरी घूं ऐकू येऊ शकते. ती कितीची आहे यापेक्षा कुठून गेलीय हे महत्त्वाचं. वेगळी करा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची. तेवढ्याच वॅटना प्रवाह सव्वादोन पटींहून जास्त लागतो आणि वायरीतली टक्केवारीतली घट पाच पटींहून जास्त होते, त्यामुळे तिथल्या हौशींची काळजी आपल्यापेक्षा थोडी समजण्यासारखी आहे. त्यांतल्या काहींनी घराबाहेर स्वतःपुरता विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभारून घेतलाय. वायर बदलण्यापेक्षा यात निदान तर्क तरी आहे.

मित्राने वायर परत नेली. महिन्याभराने त्याचा फोन आला, स्पीकरमधून कटकट येते म्हणून. गेलो तर दिसलं, जांभळ्या दोराच्या वजनाने टॉप खाली झुकलाय आणि जुन्या सॉकेटमधल्या पिना सैल होऊन आत बारीक ठिणगी उडतेय. सॉकेट काळवंडलेलं. वायरमनने ऐंशी रुपयांचं नवं सॉकेट बसवलं, वायर भिंतीला क्लिपने अडकवून दिली. कटकट गेली. मित्राचं म्हणणं, आता तानपुरा आणखी मोकळा झालाय.