वीतभर फरक : छोट्या रेल्वेतली मुंबईची गिरणी आणि गोदी

छोट्या रेल्वेच्या घरच्या लेआउटवर, म्हणजे मांडणीवर, मुंबईचा औद्योगिक भाग उभा करायचा ठरला की पहिलं भांडण इमारतींवरून होत नाही, रुळांवरून होतं. गिरणीची चिमणी किती उंच, गोदामाचं पत्र्याचं छप्पर कुठल्या रंगाचं, हे सगळं नंतर. आधी कुणीतरी पट्टी काढतो, दोन रुळांमधलं अंतर मोजतो आणि म्हणतो, "पण ही आपली गाडी नाहीच." हा वाद जुना आहे. तो कळला नाही तर आज मुंबईत दिसणाऱ्या मांडण्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या का, हेही कळत नाही.

छोट्या गाड्यांना ठरीव मापं मिळाली ती १८९१ मध्ये, जर्मनीतल्या एका खेळण्यांच्या कारखान्यामुळे. टेबलावर मावणारी गाडी १९२० च्या दशकात आली आणि १९३५ च्या सुमारास १६.५ मिमी हे अंतर पक्कं झालं. आज जगभर सर्वाधिक विकला जाणारा रूळ हाच. एचओ म्हणजे १:८७ या स्केलला तो चपखल बसतो, कारण युरोप-अमेरिकेतला खरा रूळ १४३५ मिमीचा आहे. आपला आहे १६७६ मिमीचा. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावण्याआधीच सहा फूट की साडेपाच यावर खल झाला आणि साडेपाचवर शिक्कामोर्तब झालं. त्या निर्णयाची किंमत आज दहा बाय दहाच्या खोलीत बसलेला छांदिष्ट मोजतो आहे.

इथे शब्दांचाही घोळ आहे. दुकानात आणि आपापसातही सर्रास 'एचओ गेज' म्हटलं जातं. खरं तर एचओ हे स्केल, म्हणजे वस्तू किती पट लहान केली ते प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. परदेशात ही दोन्ही एकाच खोक्यात जुळून येतात, म्हणून एकाच शब्दावर भागतं. आपल्याकडे ती जुळतच नाहीत. १:८७ ला ब्रॉडगेज १९.२५ मिमीच्या आसपास यायला हवं, आणि हाती असतो १६.५ चा रूळ. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. "कोण बघतंय?" हा बहुसंख्यांचा युक्तिवाद. पण तोच फरक खऱ्या मापात २४१ मिमी होतो, म्हणजे पुरती एक वीत. मुंबईची लोकल ३.६६ मीटर रुंद, १:८७ ला ४२ मिमी. तो डबा १६.५ च्या रुळावर ठेवला की धिप्पाड माणसाने लहान मुलाचे बूट घातल्यासारखा दिसतो. हिशेबच करायचा तर १:८७ ला १६.५ चा रूळ मुंबईत मेट्रोलाच शोभतो, मग ती २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर असो की नंतरची : त्यांचा रूळ १४३५ मिमीचाच.

यातून तीन तट पडले. पहिला म्हणतो, तयार रूळ, तयार चाकं, वर भारतीय डब्याचं कवच. गाडी धावली पाहिजे. दुसरा म्हणतो, १९.२५ चा रूळ हाताने टाका, सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड, स्वतः घासून बनवा, चाकांचे आस बदला. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात निम्मे लोक गळतात. पण तयार सांध्यातून झटका न देता जाणारी मालगाडीची वाघीण आणि स्वतः घासलेल्या सांध्यातून जाणारी वाघीण, यांतला आनंद वेगळा, हे पहिल्या तटाचे लोकही खासगीत कबूल करतात. ब्रिटिशांनी स्वतःच्या गाड्यांसाठी असलीच तडजोड केली होती. त्यांच्या लहान अंगाच्या इंजिनांत तेव्हाच्या मोटरी मावेनात, म्हणून अंग १:७६ चं केलं आणि रूळ १६.५ चाच ठेवला. त्यांच्यातल्या हट्टी मंडळींनी १९६६ मध्ये १८.८३ मिमीचं काटेकोर माप काढलं. तेव्हा आपल्याकडच्या हट्टी लोकांना वेडे म्हणायचं कारण नाही.

तिसरा मार्ग साधा आहे आणि त्याकडे फार कमी लोक वळले. रूळ १६.५ चाच ठेवा, स्केल बदला. १६७६ भागिले १६.५ केलं की उत्तर १०१.६ येतं, म्हणजे जवळपास १:१००. आणि १:१०० हे आर्किटेक्टच्या मॉडेलचं रोजचं स्केल. त्या मापाची माणसं, झाडं, मोटारी वास्तुरचनेचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत मिळतात. इंजिन आणि वाघिणी मात्र स्वतः बनवाव्या लागतात, तयार काहीच नाही. बहुतेक जण इथेच थांबतात. थ्रीडी प्रिंटिंग हाताशी आल्यापासून हे कारण लंगडं पडलं आहे, असं माझं मत.

औद्योगिक दृश्यात हा प्रश्न जास्त बोचतो याचं कारण वेग. मेन लाइनवरची गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते. गोदामापाशी वाघीण उभी असते, भिंत तिच्या शेजारी, धक्का तिच्या दाराशी. नजर तिथे रेंगाळते आणि वीत दिसते.

रुळांबरोबर आणखी एक गोष्ट आयात झाली : कारखान्याच्या फाटकातून आत शिरणारं साईडिंग, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा बाजूचा रूळ. अमेरिकेत १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका तळघरातल्या लेआउटने काजळलेल्या इमारती, गंजलेले पत्रे आणि कारखान्यात जाऊन माल उचलणारी गाडी यांचं वेड लावलं. पाठोपाठ शंटिंगची, म्हणजे वाघिणी मागेपुढे करून जोडण्याची, कोडी आली. त्यातलं एक असं : आठ वाघिणी, तीन मार्ग, एकात पाच मावतात आणि उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आठांतून सांगितलेल्या पाच, सांगितलेल्या क्रमाने जोडा. क्रम ६,७२० होतात. फळीभर जागेत खेळता येत असल्यामुळे मुंबईच्या घरांना हे कोडं मानवलं. फळीच्या टोकाला कारखाना हवा, तर मुंबईचा कारखाना म्हणजे गिरणी, असं गृहीत धरलं गेलं.

गिरणीत तीस वर्षं साचे चालवलेल्या एका काकांना अशी मांडणी दाखवली होती. चिमणी, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, आवारातला तलाव, सगळं त्यांनी मान डोलावत पाहिलं. मग फाटकातल्या रुळांवर बोट ठेवून म्हणाले, "आमच्यात गाडी कुठली आत यायला? खटारे यायचे, नंतर लॉऱ्या." कापूस रेल्वेने यायचा तो शिवडीच्या बाजूला, जिथल्या स्टेशनाचं नाव आजही कॉटन ग्रीन आहे. तिथून गाठी रस्त्याने गिरण्यांकडे जात. म्हणजे मुंबईत रूळ आणि उद्योग अगदी अंगाला अंग लावून असलेलं चित्र हवं असेल, तर लालबाग-परळ सोडून पूर्व किनाऱ्याला जायला हवं.

तिथे सामग्री भरपूर आहे. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा, अलेक्झांड्रा डॉक १९१४ चा, आणि १९१५ पासून गोदीची स्वतःची रेल्वे, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत. धान्याची गोदामं, कापसाच्या वखारी, फरसबंदीत बुजलेले रूळ, रुळांतून वाट काढणाऱ्या हातगाड्या. काळ मात्र आधी ठरवावा लागतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोटकं आणि कापूस भरलेलं जहाज फुटलं आणि आसपासच्या शेड जळून खाक झाल्या. त्याच्या आधीची गोदी आणि नंतरची गोदी एकाच फळीवर मांडता येत नाही. फरसबंदीतले रूळ करायला कटकटीचे आहेत, चाकाची कड घासते. पण तिथे वीत बरीचशी लपते, हा छुपा फायदा.

सोपं काम हवं असेल त्यांना माहुल-तुर्भे (ट्रॉम्बे) आहे. १९५४-५५ मध्ये तिथे तेलशुद्धीकरण सुरू झालं आणि टँक वाघिणींच्या रांगा लागल्या. पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून टाक्या होतात. मला हा देखावा कधी भावला नाही; सगळ्या टाक्या सारख्याच.

तरीही लोक गिरणीकडेच परततात, आणि त्याचं कारण रेल्वे नाही. पहिली गिरणी १८५४ ची, पण मांडणीत जी गिरणी येते ती जवळजवळ नेहमी १९८२ च्या आसपासची असते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले बरेच पुन्हा आत गेलेच नाहीत. पुढे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींची तीन हिश्शांत वाटणी ठरली : मोकळी जागा, घरं, मालक. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि हिस्सा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचा धरायचा, बांधकाम पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा नाही, असं ठरलं. एका शब्दाच्या अर्थाने शहराच्या वाट्याची केवढी जागा गेली! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. छांदिष्टाच्या दृष्टीने परिणाम एवढाच की मापं घ्यायला इमारतीच उरल्या नाहीत. विणाई खात्याची शंभर मीटरची शेड १:८७ ला ११५ सेंटिमीटर होते, तेवढी जागा कुणाच्याच घरात नाही. मग दात्यांची संख्या कमी करून, दात्याचा आकार मात्र तोच ठेवून, शेड आखडायची आणि मागच्या भिंतीला अर्धी इमारत चिकटवायची, ही युक्ती सगळे वापरतात. छपराची काच उत्तरेकडे असते हे विसरून दिवा भलत्या बाजूला लावणारेही सगळेच.

सामानाचीही एक कथा आहे. २००१ पर्यंत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध होते, त्यामुळे इंजिन यायचं ते परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून. मधली काही वर्षं बरी गेली. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. स्केल मॉडेलही त्याच शीर्षकाखाली मोडतं. पन्नाशीतला गृहस्थ महिनोन् महिने घासत बसतो ती वस्तू कस्टम्सच्या लेखी खेळणंच. परिणाम उलटा झाला. लोक सनबोर्ड, एमडीएफ आणि फेविकॉलवर आले आणि इमारती अधिक मुंबईच्या दिसू लागल्या. वायरी आणि स्विच लोहार चाळीतून.

रंगकामात मात्र परदेशी पुस्तकी सवय अजून सुटलेली नाही. कोरडी धूळ, फिकट तपकिरी झाक, ही तिकडच्या हवेची कारखान्याची भिंत. मुंबईत चार महिने पाऊस पडतो. चुन्याच्या भिंतीवर वरून खाली काळे ओघळ येतात, पन्हळ फुटलेल्या जागी हिरवं शेवाळ धरतं, रुळांलगतच्या खडीवर ब्रेकची तांबूस भुकटी बसते. ओघळ काढायचे तर पातळ काळा रंग भिंत उभी धरूनच सोडावा, आडवी ठेवली तर डाग पसरतो. चिमणीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, विटांच्या फटीत, पिंपळाचं एक रोप लावायचं. पान १:१०० ला मिलिमीटरभर.