लिंबू-सोड्याने दात पांढरे होतात का?

‘लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून दातांवर चोळा, आठवड्यात दात मोत्यासारखे होतील’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. पहिल्या एक-दोन वेळा वरचे डाग निघून दात उजळ दिसतात, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे.

प्रत्यक्षात दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र). लिंबाच्या रसाचा पीएच असतो २ ते २.५. चिमूटभर सोड्याने हे आम्ल मरत नाही; भरपूर घातला तर मरतं, पण मग लिंबाचा उपयोगच काय? फेस दिसतो तो नुसता कार्बन डायऑक्साइडचा. मऊ पडलेलं कवच ब्रशने झिजतं आणि पुन्हा तयार होत नाही. कवचाखालचा थर, म्हणजे डेंटिन, मुळातच पिवळसर. म्हणून हे करत राहिल्यास दात उलट पिवळे दिसतात, गार पाणी लागलं की कळ येते.

पडताळायचं असेल तर अंड्याचं टरफल रात्रभर लिंबाच्या रसात बुडवून ठेवा. लगेच बुडबुडे येतील, सकाळी ते पातळ, मऊ झालेलं असेल. (टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं, दात कॅल्शियम फॉस्फेटचा, दाताला वेळ जास्त लागतो, एवढाच फरक.)

चहा-तंबाखूच्या डागांसाठी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, २ मिनिटं. आंबट खाल्ल्यावर नुसती चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने. आतला रंग फक्त पेरॉक्साइड जेलने उजळतो, तेही दंतवैद्याला दाखवूनच. कॅप आणि फिलिंगचा रंग त्यानेही बदलत नाही.