डायव्हर्टर: तापणं वेगळं, झिजणं वेगळं

अणुसंमीलनाच्या (फ्यूजन) यंत्रात प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा अतितप्त वायू, ज्या भागावर येऊन आदळतो तो डायव्हर्टर. त्याच्यासाठी टंगस्टन का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ते ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं. उत्तर खरं आहे, पण अर्धं. त्यावरून वाटतं की भिंत थंड ठेवली म्हणजे ती टिकेल. प्रत्यक्षात भिंत तापणं आणि भिंत झिजणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

तापण्याचा हिशोब मेगावॅटमध्ये होतो. इटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाच्या डायव्हर्टरला दर चौरस मीटरला १० मेगावॅट सतत आणि थोड्या वेळासाठी २० मेगावॅटपर्यंत उष्णता झेलायची आहे, तीही अरुंद पट्ट्यावर. टंगस्टनच्या ठोकळ्यांतून तांब्याच्या मिश्रधातूची नळी जाते आणि तिच्यातलं पाणी उष्णता वाहून नेतं. वितळण्याच्या खूप आधीच टंगस्टनमधल्या स्फटिककणांची मांडणी बदलून ते ठिसूळ होऊ लागतं, म्हणून मर्यादा त्याआधीच पाळावी लागते.

झिजायला मात्र भिंत तापलेली असण्याची गरज नाही. प्लाझ्मातला वेगवान आयन (विद्युतभारित अणू) आदळून भिंतीतला अणू उडवतो. यालाच स्पटरिंग म्हणतात. इथे हिशोब आदळणाऱ्या कणाच्या ऊर्जेचा. हलका ड्युटेरियम (इंधन म्हणून वापरलेला जड हायड्रोजन) त्याहून कितीतरी जड टंगस्टनला जेमतेम ४ टक्के ऊर्जा देऊ शकतो, म्हणून अणू सुटायला त्याला सुमारे २०० इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणाची ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. नळीतलं पाणी कितीही गार असलं तरी हा मारा थांबत नाही. उडालेले बरेच अणू लगेच आयन बनून चुंबकीय क्षेत्रात वळतात आणि भिंतीवरच परत बसतात, ही मोठीच कृपा. कारण टंगस्टनचे थोडे अणूही प्लाझ्माच्या गाभ्यात पोहोचले, तर प्रकाश फेकून प्लाझ्मा थंड करतात.

दोन्हींतला फरक कार्बन सर्वांत स्पष्ट दाखवतो. त्या परिस्थितीत कार्बन वितळतच नाही, उष्णतेच्या कसोटीवर तो उत्तम. पण हायड्रोजनशी रासायनिक संयोग होऊन तो झिजतो आणि पुन्हा थर धरताना ट्रिटियम (हायड्रोजनचंच किरणोत्सारी रूप, हेही इंधन) अडकवून ठेवतो. म्हणूनच जेट या युरोपीय फ्यूजन यंत्रातला कार्बन काढून २०११ मध्ये बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर आला.

डिटॅचमेंट, म्हणजे प्लाझ्मा भिंतीजवळ थंड करून तिच्यापासून सुटा करणं, हा दोन्ही दुखण्यांवरचा उपाय मला म्हणूनच मोलाचा वाटतो. निऑन किंवा नायट्रोजन सोडून डायव्हर्टरजवळच्या प्लाझ्माचं तापमान ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (प्लाझ्माचं तापमानही याच एककात मोजतात) खाली आणलं की उष्णता प्रकाशरूपाने पसरते आणि ड्युटेरियमचा माराही निष्प्रभ होतो. मात्र प्लाझ्मा पुरेसा थंड झाला नाही, तर तोच जड निऑन ड्युटेरियमपेक्षा कितीतरी जोरात टंगस्टन खरवडतो.