ब्लॉकेज दिसलं की स्टेंट हवाच?

नागपूरच्या धंतोलीत हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर हे वाक्य हमखास कानावर पडतं: “७० टक्के ब्लॉकेज आहे, आज स्टेंट नाही टाकला तर अटॅक येणारच.” स्टेंट म्हणजे हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत बसवतात ती जाळीची नळी. आमच्या शेजारचे काकाजी तर समोरचे तर्री-पोहे गार होऊ देत वावर विकायचा हिशेब करत बसले होते.

दुखणं स्थिर असेल, म्हणजे जिना चढताना छाती भरते अन् थांबलं की मोकळी होते, तर एवढी घाई नसते. २००७च्या ‘करेज’ अभ्यासात २,२८७ रुग्ण होते, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’त ५,१७९. नीट औषधं घेणारे आणि औषधांसोबत स्टेंट (दुसऱ्या अभ्यासात बायपासही) झालेले, यांच्या मृत्यूंत ठळक फरक निघाला नाही. छातीचं दुखणं मात्र स्टेंटने जास्त कमी झालं, आणि ज्याला रोज दुखतं त्याला ते थोडंथोडकं नाही.

असं का? अटॅक बहुतेकदा धमनीतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरल्याने येतो. तो थर लहानही असू शकतो. स्टेंट एका जागेपुरता. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सगळ्या धमन्यांत पोचतं.

अटॅक सुरू असेल तर मात्र हे सगळं विसरा. तिथे तातडीची अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडून बहुधा स्टेंट बसवणं) जीव वाचवते. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्णही या अभ्यासांत घेतले नव्हते.