घाटातला जळका वास: क्लचचा की ब्रेकचा?

गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात किंवा मलकापूर सोडून आंबा घाटात भरलेल्या पिकअपच्या केबिनमध्ये जळका वास शिरला, की लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतो क्लच जळला, दुसरा म्हणतो ब्रेकचे लायनर तापले. तिसराही असतो, "घाटात वास यायचाच" म्हणणारा. त्याचं ऐकू नका. क्लच गेला तर गाडी रस्त्यात अडकते आणि खर्चात पडायला होतं. ब्रेक तापून सुटला तर माणसं जातात.

नुसत्या वासावरून या दोन्हींत चुकायला होतं, कारण मसाला जवळपास एकाच जातीचा असतो. क्लच प्लेटवरचं अस्तर काय आणि ब्रेकचे लायनर-पॅड काय, घर्षणासाठीचे पदार्थ रेझिनने बांधून ते बनवतात. फार तापलं की आधी ते रेझिन जळतं आणि तोच उग्र, नाकात बसणारा वास येतो. म्हणून वास कसा आहे यावर वाद घालण्यापेक्षा तो येण्याआधी कोणता पाय काम करत होता ते आठवा.

कोल्हापुरातून गुळाचे रवे भरून कोकणात उतरताना उजवा पाय ब्रेकवर असतो. येताना जांभ्याचे चिरे भरून तोच घाट चढताना डावा पाय क्लचवर. उतारावरचा वास बहुतेक वेळा ब्रेकचा आणि चढावरचा क्लचचा, इथून सुरुवात करा. वळणावर पुढचा ट्रक अडला आणि हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरली, तर थोड्या वेळातही प्लेट वास मारते. गोडाऊनच्या चढावर भरलेली गाडी रिव्हर्स घेतानाही तेच. सपाट रस्त्यावर, गाडी रिकामी असताना, दोन्ही पाय मोकळे असताना वास आला, तर मात्र पहिला संशय चिकटलेल्या ब्रेकवर घ्या. हँडब्रेक अर्धवट राहिलाय का तेही तिथेच बघा.

मग जागा मिळाली की गाडी बाजूला घेऊन खाली उतरा. चारी चाकांजवळ जाऊन वास घ्या आणि तळहाताची मागची बाजू रिमच्या जवळ न्या, टेकवू नका. घाट उतरल्यावर चारी चाकं गरम लागणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते डाव्या-उजव्याचं. पुढचं डावं चाक नुसतं कोमट आणि उजव्याची धग वीतभर अंतरावरून जाणवतेय, तर उजवा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, धरून बसलाय. मागच्या जोडीत असाच फरक असेल तर व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर दाबणारा), हँडब्रेकची केबल किंवा जास्त कसलेलं सेटिंग. चाकांपाशी काहीच नाही आणि वास गिअर लिव्हरच्या रबराजवळ, केबिनच्या मधोमध खालून येतोय, तर तो क्लच.

तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका. बिडाला चीर जाऊ शकते, डिस्क वाकडी होऊ शकते. चाकाला मोठा दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि आपोआप थंड होऊ द्या.

क्लचची खात्री करायला सोपी खूण आहे. सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. एकदाच वास आला, नंतर गाडी नीट ओढतेय, तर लगेच गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. पेडलचा प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, बघून घ्या आणि चालवताना पेडलवर पाय ठेवायची सवय सोडा. घसरत असेल तर नुसती प्लेट बदलून भागवू नका. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदला, कारण नाहीतर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते. प्लेटवर ऑइल आलेलं दिसलं तर आधी गळणारं सील शोधा, नाहीतर नवीन प्लेटही तशीच जाईल.

ब्रेकच्या वासात खरी भीती लायनरपेक्षा ऑइलची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ या प्रतीचं ऑइल नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. जुनं ऑइल घाटात उकळलं की पाइपात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. वास आला आणि पेडल मऊ लागलं, तर पुढचं वळण घेऊ नका, तिथेच थांबायचं बघा. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून हवा काढून घेतलेली बरी. चिकटलेल्या कॅलिपरच्या पिना साफ करून उष्णतेला टिकणारं ग्रीस लावावं लागतं, त्याचा पिस्टन गंजला असेल तर किट बदलावं लागतं. मागच्या लायनरवर ऑइल आलं असेल तर तेही गळती थांबवूनच बदला.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही दिसतात, आणि ते बघून जीव कळवळतो. इंजिन बंद झालं की ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरतीच उरते, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बराच भार इंजिन धरेल.

नवीन लायनर किंवा नवीन प्लेट टाकली असेल तर सुरुवातीचे काही दिवस थोडा वास येतो, तो आपोआप जातो. गोडसर वास हा वेगळाच विषय. गळीत हंगामात कारखान्याजवळून किंवा गुऱ्हाळाजवळून जाताना तो बाहेरून येतो, पण ते मागे पडल्यावरही केबिनमध्ये राहिला, तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय का बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेकॅनिककडे गाडी नेल्यावर "वास येतोय" एवढंच सांगून किल्ली देऊ नका. चढ होता की उतार, गाडी भरलेली होती की रिकामी, कोणतं चाक जास्त गरम होतं, पेडल मऊ लागलं का, हे सांगा. ब्रेकचा संशय असेल तर चारी चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून दाखवायला सांगा. जे जड फिरेल ते आधी खोला.