‘बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं’, एवढंच लिहिलंय का?

ख्रिस्ती लग्नात बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या ‘इफिसकरांस पत्रा’चा 5वा अध्याय वाचला की ‘नवरा मालक’ हा अर्थ सर्रास काढला जातो. तो चूक आहे. आधीचं 21वं वचनच सर्वांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी व्हॅटिकनच्या प्रतीत पत्नींना उद्देशून असलेल्या 22व्या वचनात ‘अधीन’ हे क्रियापदच नाही; ते 21मधून घ्यावं लागतं. पत्नीला थेट सांगणं तीन वचनांत संपतं. पतीला मात्र 25पासून बजावलंय: ख्रिस्ताने मंडळीवर (म्हणजे चर्चवर, विश्वासणाऱ्यांच्या समुदायावर) प्रीती केली, तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी प्रीती कर. म्हणजे नमुना क्रुसाचा, हुकमतीचा नव्हे. आपल्याकडे जुनी माणसं बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणायची. मला तो शब्द इथे फार जवळचा वाटतो. कारण 32व्या वचनात पौल स्वतःच सांगतो, हे ख्रिस्त आणि मंडळीबद्दल आहे.