कॅनचं बूड आधी का पाहतात? क्राफ्ट बिअरच्या दर्दींच्या सवयींमागची गोष्ट

क्राफ्ट बिअरचा, म्हणजे छोट्या स्वतंत्र कारखान्यांतल्या बिअरचा, दर्दी दुकानात लगेच ओळखू येतो. तो कॅन उचलतो आणि वरचं चित्र न पाहताच उलटा करतो. बुडावर ठिपक्या-ठिपक्यांच्या बारीक आकड्यांत कॅन भरल्याची तारीख असते. दोन-तीन आठवड्यांची असेल तर कॅन टोपलीत, चार महिन्यांची असेल तर मुकाट्याने परत फळीवर. मग तो मागची बाजू वाचतो. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कोणते घातलेत? ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, कोणाच्या मालकीची? बाकीची माणसं बिअर घेताना एवढ्या चौकशा करत नाहीत. याला ही खोड लागली कुठून, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या घरांच्या स्वयंपाकघरात शिरावं लागतं.

१८७३ मध्ये अमेरिकेत ४,१३१ ब्रुअऱ्या होत्या. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने त्यांचा कणा मोडला. तग धरलेल्या काही कंपन्या त्या काळात माल्टचा (मोड आणलेल्या धान्याचा) पाक डब्यात भरून विकत. बेकिंगसाठी, असं सांगून. गिऱ्हाईक त्याचं घरी काय करतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बंदी उठल्यावर घरी वाईन करायला कायद्याने मुभा मिळाली, पण बिअर त्यातून वगळली गेली. ती चूक दुरुस्त व्हायला ४५ वर्षं लागली. दरम्यान मोठ्या कंपन्यांनी लहान कंपन्या गिळल्या, मका-तांदूळ मिसळलेली फिकी लागर बिअर घरोघर पोचली आणि १९७० च्या दशकाअखेर देशात शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नाहीत.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी परवाना लागायचा, ती अट १९६३ मध्येच गेली होती. तिथल्या चार मित्रांनी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही संघटना काढली. पबमध्ये गॅस भरलेली, यीस्ट गाळून मेलेली बिअर सगळीकडे येऊ लागली होती. त्यांना पिंपातच मुरणारी जिवंत बिअर हवी होती. अमेरिकी नौदलातला जॅक मॅकऑलिफ नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये असताना तिथल्या ‘एल’ या बिअरच्या प्रेमात पडला. घरी परतल्यावर तशी बिअर मिळेना, म्हणून १९७६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सोनोमाला ‘न्यू अल्बियन’ सुरू केली, दुधाच्या धंद्यातली जुनी भांडी जोडून. ती १९८२ मध्ये बंद पडली. धंदा म्हणून फसली, पण पाहून गेलेल्यांना कळलं की हे एखाद-दुसऱ्या माणसाच्या आवाक्यातलं काम आहे.

ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरी बिअर करणं देशाच्या कायद्याने मोकळं झालं. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, करमुक्त. (राज्यांचे कायदे वेगळे. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये वळली.) कार्टरनी क्राफ्ट बिअर जन्माला घातली असं कौतुकाने सांगतात. ते जरा जास्तच होतं, कारण १९७६ मध्ये छोट्या ब्रुअऱ्यांचा पिंपामागे अबकारी कर ९ डॉलरवरून ७ वर आणला गेला, त्याचाही हात मोठा होता. पण पहिल्या पिढीतले बरेच ब्रुअर घरच्या पातेल्यातूनच तयार झाले, हे खरं.

ते पातेलं जवळून पाहायला हवं. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडायची, ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवून ठेवायची. पिठातल्या स्टार्चची साखर होते आणि घरभर शिजवलेल्या धान्याचा गोडसर वास सुटतो. ते गोड पाणी गाळून तासभर खळखळ उकळायचं. हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घातले तर कडवटपणा उतरतो, वास मात्र वाफेबरोबर निघून जातो. शेवटच्या पाच मिनिटांत घातले तर उलट. आणि बिअर आंबून थंड झाल्यावर त्यात कोरडे हॉप्स भिजत ठेवले तर नुसता वासच वास. एक घाणा साधारण १९ लिटरचा. ज्याने असे दोन-चार घाणे बिघडवले आहेत, तो विकतची बिअर प्यायल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो हाच: हॉप्स कोणते आणि कधी घातले?

केन ग्रॉसमन असाच. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात त्याचं घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान होतं. १९८० मध्ये त्याने भागीदारीत ‘सिएरा नेवाडा’ काढली आणि पेल एल (फिकी एल) मनासारखी जमेपर्यंत सुरुवातीचे घाणे ओतून दिले. त्या बिअरमध्ये कॅस्केड होता, १९७२ मध्ये ओरेगनमधून आलेला हॉप. त्याला ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास. युरोपातले हॉप्स मसालेदार, गवताळ. हा सरळ फळाचा. अमेरिकी क्राफ्ट बिअरची ओळख या एका वासातून तयार झाली. पुढे सिमको, सिट्रा, मोझॅक आले आणि दर्दी हॉप्सची नावं आंब्याच्या जातींसारखी घेऊ लागले.

त्यातूनच आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’, पुन्हा वर आली. नावातल्या ‘इंडिया’वरून सांगतात की लांबच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून कुणीतरी मुद्दाम ही बिअर शोधून काढली. भरपूर हॉप्सची बिअर टिकते हे खरं, पण तशी तगडी फिकी एल इंग्लंडमध्ये आधीपासून होती. लंडनच्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना दीड-दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायचा. शोधापेक्षा उधारीची करामत मोठी. अमेरिकेत १९९४ मध्ये व्हिनी सिलुर्झोने हॉप्स वाढवून ‘डबल आयपीए’ केली, आणि मग कोणाची बिअर जास्त कडू याची शर्यतच लागली. माझ्या मते क्राफ्ट बिअरचा सगळ्यात पोरकट काळ तो. एका हद्दीनंतर जिभेला फरक कळत नाही. फक्त लेबलवरचा कडवटपणाचा आकडा वाढतो.

काटा दुसऱ्या टोकाला गेला तो व्हरमाँट या अमेरिकी राज्यामुळे. वॉटरबरीतल्या ‘द अल्केमिस्ट’ या पबमध्ये ‘हेडी टॉपर’ नावाची गढूळ, फळांच्या वासाची आयपीए मिळायची. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला. त्याच सुमारास उभारलेला कॅन भरण्याचा कारखाना मात्र वाचला. ती बिअर कॅनमधून बाहेर पडली आणि लोक राज्यं ओलांडून न्यायला येऊ लागले. गढूळपणा हा तोवर दोष मानला जायचा. २०१८ मध्ये ब्रुअर्स असोसिएशन या छोट्या ब्रुअऱ्यांच्या अमेरिकी संघटनेने त्याला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली.

बूड पाहण्याची सवय इथे पक्की झाली. हॉप्सच्या वासाची तेलं फार नाजूक. हवा लागली की आठवड्यांत वास विझतो, ओट्स घातलेली गढूळ बिअर तपकिरी पडते. उजेड तर वैरीच: हॉप्सच्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखी दुर्गंधी येते. हिरव्या बाटलीत ती पटकन, तपकिरीत सावकाश, कॅनमध्ये नाही. तरी स्वस्त बिअरचं भांडं म्हणून क्राफ्टवाले कॅनला नाक मुरडायचे. २००२ मध्ये कोलोरॅडोच्या ‘ऑस्कर ब्लूज’ने हाताने कॅन भरायला घेतले, तेव्हा कुठे हे बदलू लागलं.

मालकीची चौकशी २०११ नंतर वाढली. शिकागोची ‘गूस आयलंड’ त्या वर्षी बडवायझरच्या मालक कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरला घेतली. जानेवारी २०१५ मध्ये त्याच मालक कंपनीने सिॲटलची ‘एलिसियन’ घेतली आणि दहा दिवसांच्या आत सुपर बोल या फुटबॉल सामन्यातल्या जाहिरातीत भोपळा-पीच घातलेल्या बिअरची टर उडवली. एलिसियनने तशीच बिअर केली होती! ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत बाहेरच्या मद्य कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांच्या आत असायला हवा. २०१७ पासून स्वतंत्र ब्रुअऱ्यांच्या लेबलवर उलट्या बाटलीचं चिन्ह दिसतं, ते या चौकशीचंच उत्तर.

या निष्ठेलाही मर्यादा आहेत. सॅन फ्रान्सिस्कोची ‘अँकर’ ब्रुअरी बुडीत निघाली होती, तेव्हा १९६५ मध्ये वॉशिंग मशीनवाल्या मेटॅग घराण्यातल्या फ्रिट्झने ती वाचवली. आजच्या क्राफ्टचा हिशोब अनेक जण तिथूनच मांडतात. २०१७ मध्ये ती जपानच्या सप्पोरोकडे गेली, जुलै २०२३ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं आणि शेवटच्या बाटल्यांसाठी रांगा लागल्या. त्या रांगेतल्या किती जणांनी आधीची पाच वर्षं अँकर विकत घेतली होती, याची मला शंकाच आहे. तोवर सगळे गढूळ आयपीएच्या मागे होते. २०२४ मध्ये ती हमदी उलुकाया यांनी घेतली. त्यांचा धंदा दह्याचा.